एअर काढली, गाडी चालली, सकाळी पुन्हा बंद: जुन्या ट्रकच्या डिझेल लाइनमध्ये हवा शिरते कुठून?

लक्षण ओळखीचं आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या सेलला सुरू होते, थोडा वेळ नीट चालते, मग आवाज बसत जातो आणि इंजिन विझतं. पुन्हा सेल मारला तर नुसतं फिरतं, पकडत नाही. हातपंप मारून एअर काढली की सुरू होतं आणि दिवसभर पूर्ण माल ओढतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. फिल्टर बदलून झालेले असतात, इंजेक्टर तपासून झालेले असतात आणि आता कुणीतरी इंजेक्शन पंप उतरवायचा सल्ला दिलेला असतो.

पंपाला इतक्यात हात लावू नका. या तक्रारीत पंप दोषी निघालेला मी फार क्वचित पाहिला. माझं सगळं ड्रायव्हिंग जुन्या यांत्रिक पंपाच्या अवजड गाड्यांवर गेलं. सहा सिलिंडर, इन-लाइन (प्रत्येक सिलिंडरसाठी एक, असे दट्टे ओळीत असलेला) इंजेक्शन पंप, चेसीच्या बाजूला लटकलेली टाकी आणि टाकीपासून इंजिनापर्यंत आलेली लांबलचक पाइप. त्या पाइपने मला जितक्या वेळा रस्त्याच्या कडेला उभं केलं, तितकं क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या तिघांनी मिळूनही केलं नसेल. खालचं सगळं त्याच प्रकारच्या गाड्यांसाठी आहे. तुमचं इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं, असेल तर यातलं काही करून पाहू नका. त्या रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो आणि चालू इंजिनावर तिथला नट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. एअर काढून गाडी सुरू झाली याचा अर्थ दुरुस्ती झाली असा होत नाही. हवा ज्या वाटेने आली ती वाट तशीच उघडी आहे. रोज सकाळी हातपंप मारणारे आणि त्याचीच सवय लावून घेतलेले ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिले. त्यात सेल्फ जळतो, बॅटरी बसते आणि एक दिवस गाडी नको त्या चढावर बंद पडते.

बुडबुड्याने एवढं काय अडतं?

लिटरभर क्षमतेच्या एका सिलिंडरला पूर्ण भारावरसुद्धा एका वेळी साधारण ६० ते ७० घन मिलिमीटर डिझेल मिळतं. म्हणजे पाण्याचा एक टपोरा थेंब. आयडलवर त्याचाही छोटासा हिस्सा. हा थेंब नोझलमधून फवारला जायला जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत साधारण १७५ ते २२० बार दाब लागतो. डिझेल जवळजवळ आकसत नाही, म्हणून प्लंजरने (पंपातल्या दट्ट्याने) रेटलं की दाब तत्काळ चढतो आणि नोझल उघडतो. त्या जागी हवा असेल तर प्लंजर वर येताना बुडबुडा आकसतो, खाली जाताना पुन्हा फुगतो, आणि नोझलपर्यंत दाब पोहोचतच नाही. पंप आपलं काम चोख करत असतो, फक्त पोकळ जागेवर.

बॉशने या प्रकारच्या इंजेक्शन पंपाचं उत्पादन १९२७ मध्ये सुरू केलं आणि पुढे कितीतरी दशकं जगभरच्या ट्रकांवर त्याच घाटाचे पंप बसत राहिले. पंपाच्या अंगाला चिकटलेला, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, त्याच्या डोक्यावर हाताने दाबायची मूठ (हातपंप म्हणतात तो हाच), मग फिल्टर आणि फिल्टरकडून पंपाच्या गॅलरीत, म्हणजे प्लंजरभोवतीच्या पोकळीत, डिझेल. एकदा सुरू झालेलं हे इंजिन बॅटरी काढून ठेवली तरी चालत राहतं, बंद करायला केबल ओढावी लागते. विजेचा संबंध नसल्यामुळे बिघाड शोधताना एक मोठी कटकट वाचते: जे काही आहे ते डोळ्याला दिसणारं, हाताला लागणारं आहे.

फक्त एक जागा सोडून. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग सक्शनचा. तिथे आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, म्हणून फट पडली तरी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. भोक पडलेल्या नळीने सरबत ओढलं तर नळी बाहेरून ओली होत नाही आणि तोंडात मात्र हवा येते, तसंच. बहुतेक मिस्त्री काय करतात? गळती शोधायला इंजिनाभोवती टॉर्च फिरवतात, कुठे ओलं दिसत नाही आणि "लाइन टाइट आहे" म्हणून मोकळे होतात. सक्शनची बाजू कोरडीठणठणीत दिसूनही सर्वांत जास्त हवा घेत असते.

फीड पंपाच्या पुढचा भाग प्रेशरचा. तिथे फट असेल तर चालू इंजिनात डिझेल पाझरतं, धूळ चिकटून काळा चिखल होतो, तो दिसतो. मात्र इंजिन बंद झाल्यावर त्याच फटीतून हवा आत शिरते. टाकी पंपापेक्षा खाली असल्यामुळे लाइनमधलं डिझेल मागे टाकीकडे जायला बघत असतं आणि त्याला फक्त वरून थोडी हवा मिळायची खोटी असते. रात्रभरात लाइन रिकामी होते. सकाळी गाडी सुरू होते ती पंपात आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर, आणि मागून हवेचा पट्टा आला की विझते.

हवाच आहे ना, हे आधी ठरवा

सेल मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी बघायला सांगा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचतंय पण पेटत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, थंडी या दिशेने जा, हवेच्या मागे लागू नका. धूरच नाही, तर डिझेल पोहोचत नाही. हवा असेल, लाइन तुंबलेली असेल किंवा स्टॉप केबल अडकून पंप बंद स्थितीत राहिला असेल. शेवटचं कारण ऐकून हसू येईल, पण फिल्टर, नळ्या सगळं खोलून झाल्यावर केबल सापडलेली गाडी मी पाहिली आहे. पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने हलवून बघायला काहीच लागत नाही.

चढावर ओढ कमी आणि धूर काळा असेल तर डिझेल भरपूर आहे, श्वास कमी आहे. एअर क्लीनर बघा. ओढ कमी आणि धूरही नाही, सपाटीला मात्र ठीक, तर डिझेल कमी पडतंय. ती बहुधा तुंबलेली जाळी किंवा फिल्टर असते. हवेची खरी खूण म्हणजे अनियमितपणा. आयडलला इंजिन वरखाली होतं, मधेच एखादा ठोका चुकतो, रेस दिली की क्षणभर अडखळून मग उचलतं, आणि नाक चढाकडे करून उभी केलेली गाडी सकाळी हमखास रुसते.

टाकीचं झाकण याच पायरीवर बघून घ्या, कारण त्याची लक्षणं हवेसारखी भासतात. झाकणात हवा आत यायला बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं, किंवा मूळ झाकण हरवल्यावर बिनभोकाचं बसवलं, किंवा सैल झाकण घट्ट बसावं म्हणून कुणी खाली प्लॅस्टिकची पिशवी घातली, की डिझेल संपत जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते. गाडी बराच वेळ छान चालते, मग दम तोडत बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. "सूं" असा हवा ओढल्याचा आवाज आला तर बाकीचं वाचायची गरज नाही.

पारदर्शक नळी

पेटीत एक गोष्ट कायम ठेवावी: डिझेल सहन करणारी हातभर पारदर्शक नळी आणि तिच्या दोन क्लिपा. फीड पंपाच्या इनलेटला येणारी पाइप सोडून मधे ही नळी जोडा, एअर काढा, गाडी सुरू करा आणि नळीमागे टॉर्च धरा. सुरुवातीला बुडबुडे येणारच, नळी जोडताना शिरलेली हवा ती. काही मिनिटांनी नळी स्वच्छ दिसली पाहिजे. बुडबुड्यांची रांग चालूच राहिली तर फट या नळीच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. आता नळी काढून एक जोड मागे बसवा, पुन्हा बघा. ज्या दोन जागांच्या मधे बुडबुडे येणं थांबतं, तिथेच चोर आहे. नळी स्वच्छ असूनही गाडी हवा घेत असेल तर फीड पंपाच्या पुढे बघा.

इथे एक फसवणूक होते. डिझेलमध्ये मुळातच थोडी हवा विरघळलेली असते. टाकीतली किंवा इनलेटची जाळी तुंबली असेल तर फीड पंपाला जोर लावून ओढावं लागतं, पोकळी वाढते आणि विरघळलेली हवा बारीक फेसासारखी बाहेर पडते. फट कुठेच नसते, बुडबुडे मात्र दिसतात. म्हणून नळी लावण्याआधी जाळ्या साफ करा. फीड पंपाच्या इनलेटला, कधी काचेच्या वाटीत, कधी बँजो बोल्टच्या (पाइपच्या टोकाचं कडं धरून ठेवणाऱ्या पोकळ बोल्टच्या) आत, एक छोटी जाळी असते. बऱ्याच जणांना ती तिथे आहे हेच ठाऊक नसतं. फिल्टर दर वेळी नवा आणि जाळी वर्षानुवर्षं तशीच, टाकीतल्या शेवाळासारख्या काळ्या गाळाने लिंपलेली.

नळी नसेल तर कॅन. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन फीड पंपाला थेट जोडा, म्हणजे टाकी आणि पाइप दोन्ही बाजूला पडतील. त्रास गेला तर दोष टाकी ते फीड पंप या पट्ट्यात. पण कॅन उंच टांगू नका. उंचावरून डिझेल आपोआप उतरतं आणि अशक्त फीड पंपही पास होतो. कॅन टाकीच्याच उंचीला ठेवा, पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब, आणि नीट बांधा.

फट बहुधा कुठे असते

माझ्या अनुभवात पहिला मान बँजो जोडांच्या तांब्याच्या वॉशरना. बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर असतो. जुना वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो, दुसऱ्यांदा आवळला तर फक्त जुन्या खाचांवर टेकतो, बसत नाही. नवा मिळत असेल तर नवाच घाला. रस्त्यात असाल तर जुना तारेत अडकवून लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलादाला असं केलं तर ते कडक होतं, तांबं मऊ होतं. वरची काळी पपडीही पाण्यात सुटते. मग सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासा. बोट फिरवून बघितलं तरी कळतं, पण उजेडात तिरका धरला की आरपार गेलेला ओरखडा रेषेसारखा चमकतो. तेवढी एक रेष पुरते. वॉशर चांगला असूनही जोड हवा घेत असेल तर बँजोची बसायची जागा तशीच तपासा.

थांबत नाही म्हणून जोर लावून आवळणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. बँजो बोल्ट आतून पोकळ असतो, भोकांजवळ त्याला अंगच नसतं. तो तिथेच चिरतो आणि आता एकाऐवजी दोन फटी. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळूनही उपयोग नाही, कारण बँजो आट्यांवर सील होतच नाही, वॉशरवर होतो. टेपचे धागे मात्र सुटून पुढे जातात आणि फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकतात.

दुसरी जागा रबरी नळ्या. इंजिन थरथरतं आणि चेसी वेगळी हलते, म्हणून मधे लवचीक तुकडा असतो. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी क्लिपच्या कडेला वाकवून बघा, बारीक भेगा उघडतात. कधी आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. हळू ओढलं तर वाट देतो, जोरात ओढलं तर तोंड बंद करतो. अशी गाडी आयडलला शहाणी आणि चढावर वेडी. शंका असलेली नळी तपासत बसू नका, बदला.

तिसरी जागा चेसीच्या पट्टीखालची. लोखंडी पाइप चेसीला जिथे क्लिपने पकडलेली असते, तिथे क्लिप आणि पाइप यांच्या मधे पाणी आणि धूळ साचते. पाइप दोन्ही बाजूंना चकचकीत, आणि क्लिपखाली गंजून टाचणीएवढं भोक. क्लिप काढल्याशिवाय ते दिसत नाही आणि क्लिप कुणी काढत नाही. चेसीच्या भोकातून पाइप आरपार जाते तिथला रबरी ग्रोमेट गळून पडलेला असेल तर तिथेही हेच.

मग टाकीतली नळी, जिच्याबद्दल फार थोडे लोक विचार करतात. मी शिकाऊ होतो तेव्हा आमची एक गाडी महिनाभर मालकाच्या डोक्याला ताप झाली होती. कधी चार दिवस काही नाही, कधी एका रात्रीत तीनदा बंद. सगळे जोड नवे, नळ्या नव्या. उस्तादांनी गाडीला हातही न लावता विचारलं, "बंद पडली तेव्हा टाकीत डिझेल किती होतं?"

"निम्म्याच्या खाली असेल."

"आणि न बंद पडता आली तेव्हा?"

मला आठवेना. मालकाने डिझेलची वही काढली, आणि त्यात दिसलं की टाकी भरून निघालेल्या फेरीत त्रास नव्हता. उस्ताद म्हणाले, "वरची फ्लँज काढ आणि नळी बाहेर घे."

ती नळी टाकीच्या मधल्या पडद्याला एका पट्टीने टेकलेली होती. वर्षानुवर्षांच्या थरथरीने पट्टीने नळीवर गोल खाच पाडली होती आणि खाचेच्या तळाशी केसाएवढी तपकिरी चीर होती. नळी सरळ धरली की दिसत नव्हती, किंचित वाकवली की उघडत होती. डिझेलची पातळी चिरेच्या वर असेतो ती फक्त डिझेल ओढायची. पातळी खाली गेली की हवा. खराब रस्त्यावर डिझेल हिंदकळलं की पातळी बरी असतानाही अधूनमधून तोंड उघडं पडायचं. तेव्हापासून कुणी ही तक्रार घेऊन आलं की मी पहिला प्रश्न टाकीतल्या पातळीचाच विचारतो. नळी बाहेर काढून टाकीपासून लांब नेऊन ब्रेझिंग करता येते. टाकीवर मात्र ती पूर्ण रिकामी आणि नीट धुतलेली नसताना वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची.

फिल्टरच्या वाटीचं गॅस्केटही अनेकदा फसवतं. जुनं गॅस्केट वरच्या हेडला चिकटून राहतं आणि त्यावरच नवं चढतं. वाटी बसल्यासारखी वाटते, बोल्टही घट्ट लागतो. नखाने हेडची खाच खरवडून बघा.

फीड पंपाची हाताची मूठ खाली दाबून आट्यांत पूर्ण फिरवून बंद केलेली असली पाहिजे. तिचं सील झिजलं असेल तर तिथून हवा येते. ओळखायचा जुना उपाय म्हणजे घट्ट ग्रीस. संशयाच्या जोडावर ग्रीसचा जाड लेप द्या आणि पारदर्शक नळीकडे बघा. बुडबुडे थांबले तर जागा सापडली. लेप लावून तसंच पुढे जायचं नाही, ग्रीस आत ओढलं जातं.

आणखी एक युक्ती, हत्यार नसताना कामाला येणारी. टाकी भरा आणि गाडी उताराकडे नाक करून उभी करा, चाकांना उटी लावून. टाकी इंजिनाच्या मानाने जितकी वर येईल तितका सक्शनच्या लाइनमध्ये आतून दाब येतो आणि कोरडी फट ओली होते. लाइनखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि तासाभराने डाग बघा. टाकीत हवा भरून तपासणारे लोक आहेत, पण ब्रेकच्या टाकीतली सात-आठ बारची हवा डिझेलच्या टाकीत सोडली तर टाकी फुगते, शिवण सुटते. तोंडाने फुंकून जेवढा दाब येतो तेवढा पुरे आहे. तोंडाने डिझेल ओढू मात्र नका. फुप्फुसात गेलेलं थोडंसं डिझेलसुद्धा दवाखान्यात पाठवतं.

एअर काढायची तर अशी

फट बुजवल्यावर एअर काढायची ती टाकीकडून पंपाकडे, क्रमाने. पहिल्या फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा, हातपंप मारा, फेस येऊन मग अखंड धार लागली की पंप मारत असतानाच स्क्रू बंद करा. हात थांबवून बंद केला तर शेवटचा बुडबुडा आतच राहतो. मग दुसरा फिल्टर, मग पंपाच्या गॅलरीचा स्क्रू. हातपंपाची मूठ खाली लॉक करा. स्टॉप केबल आत ढकललेली आहे ना, बघा. एवढ्यावर बहुतेक गाड्या सुरू होतात.

नाही झाली तर इंजेक्टरकडचे दोन नट अर्धा आटा सैल करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारा, नटाखालून डिझेल थुंकायला लागलं की आवळा. एका वेळी १५ सेकंदांच्या वर सेल मारू नका, मधे मिनिटभर सेल्फ थंड होऊ द्या. नटावर फडकं ठेवा, तोंड आणि हात लांब. बारीक फवारा कातडीतून सरळ आत जातो, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. असं काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा. इनटेकला हीटर असेल तर स्टार्टिंग स्प्रे मारू नका.

सगळी इंजिनं अशी एअर काढून घेत नाहीत. जुन्या कमिन्सच्या पीटी या डिझेल पुरवायच्या सिस्टिममध्ये आणि डेट्रॉइटच्या टू-स्ट्रोकमध्ये जास्तीचं डिझेल सतत टाकीकडे परतत असतं आणि बरोबर हवाही घेऊन जातं. तिथे सुरू करायला फार त्रास होत नाही, पण फट असेल तर ओढ कमी आणि आयडल डगमगता. या गाड्यांत रिटर्नची नळी काढून तिचं टोक डिझेल भरलेल्या डब्यात बुडवा. इंजिन चालू असताना बुडबुडे येतच राहिले तर सक्शनला फट आहे. डब्यात तासभर साचू देऊ नका, प्रवाह मोठा असतो.

सगळं करूनही सकाळी रुसली तर

दोनच जागा उरतात. एक, फीड पंपाचे व्हॉल्व्ह. कचरा अडकला किंवा सीट झिजली की डिझेल मागे सरकतं. काढून धुवा, सीट बघा, स्प्रिंग तुटकी नाही ना ते बघा. फीड पंपाच्या दांड्याचं सील गेलं असेल तर डिझेल पंपाच्या ऑइलमध्ये उतरतं. काही इंजिनांत तिथून थेट इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर त्या ऑइलवर गाडी चालवू नका, बेअरिंगं जातात.

दुसरी, पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, जास्तीचं डिझेल रिटर्नच्या पाइपने टाकीकडे सोडणारा. तो साधारण एक ते दीड बारला उघडावा आणि इंजिन बंद झाल्यावर मिटावा. स्प्रिंग थकली किंवा कचरा बसला की उघडाच राहतो. रिटर्नची पाइप टाकीत डिझेलच्या वर सुटत असेल तर त्याच वाटेने रात्री हवा गॅलरीत येते. खातरी करायला फार काही लागत नाही: रात्री गाडी बंद केल्यावर रिटर्नची पाइप पंपापासून सोडा, जोड कोऱ्या बोल्टने आणि वॉशरने बंद करा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा की रिटर्न बंद आहे. सकाळी सुरू करण्याआधी पाइप परत जोडा. गाडी सुरू झाली आणि विझली नाही तर व्हॉल्व्ह बदला. हे तपासताना टाकी निम्मी ठेवा आणि नाक चढाकडे करून लावा, चाकांना उटी लावून. भरल्या टाकीने सपाटीवर घेतलेली परीक्षा कुठलीही गाडी पास होते.